अकूस्टिक गिटार : ब्रिज साडेतीन मिलिमीटर पुढे चिकटला आहे, दुरुस्ती कशी करावी?

मुळाकाठ (पुणे)

नमस्कार. हाताने बांधलेल्या आणि जवळजवळ पूर्ण झालेल्या एका गिटारची दुरुस्ती करायची आहे. हत्यार उचलण्यापूर्वी इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

गिटार स्टीलच्या तारांची, ड्रेडनॉट आकाराची आहे. वरची फळी सिट्का स्प्रूसची असून तिची जाडी 2.8 मिलिमीटर आहे. पाठ आणि बाजू शिसवीच्या, ब्रेसिंग (फळीला आतून दिलेल्या आधारपट्ट्या) एक्स पद्धतीचे, पॉलिश लाखेचे. ब्रिज (तारा ज्यात अडकवतात तो वरच्या फळीवरचा लाकडी तुकडा) चिकटवताना टायटबाँड ओरिजिनल हा पिवळा सुतारी गोंद वापरला होता. क्लॅम्प आवळताना ओल्या गोंदावर ब्रिज साउंडहोलच्या दिशेने सरकला आणि ही गोष्ट तारा चढवल्यावरच ध्यानात आली.

मापे अशी आहेत. नटापासून (मानेच्या टोकाशी तारा जिथे टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरची धातूची आडवी पट्टी) 322.5 मिलिमीटर, म्हणजे स्केल (तारेची मूळ हिशेबी लांबी) 645. नटापासून सॅडलपर्यंतचे (ब्रिजच्या खाचेत बसवलेली, तारा टेकण्याची पट्टी) अंतर बारीक ई तारेखाली 643.5 आणि जाड ई तारेखाली 646.5 भरते. माझ्या आराखड्यानुसार ही अंतरे अनुक्रमे 647 आणि 650 हवी होती. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर त्याच जागच्या हार्मोनिकशी (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) ताडून पाहिला, तर सहाही तारा 9 ते 10 सेंट चढ्या लागतात. पहिल्या तीन फ्रेटांवरचे कॉर्ड मात्र गोड वाजतात.

ब्रिज न काढता यातून काही मार्ग निघतो का? काढावाच लागला, तर वरची फळी न दुखवता तो कसा काढावा?

नाशिककर

ब्रिज काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे आधी सोपे उपाय करून पाहावेत असे मला वाटते. सॅडलचा माथा मागच्या बाजूने कानशीने असा उतरवावा की तार सॅडलच्या अगदी मागच्या कडेवर टेकेल. तेवढ्याने भागले नाही, तर नट थोडा पुढे सरकवता येईल. काही कारागीर नटाच्या जागेतही भरपाई (दाबल्यावर चढणारा स्वर सावरण्यासाठी तारेच्या लांबीत केलेला किंचित बदल) देतात, असे वाचल्याचे आठवते.

तारसप्तक

नाशिककर, दोन्ही उपायांच्या मागचे गणित इथे मांडतो, कारण दुरुस्तीची निवड त्यावरच ठरणार आहे.

एका अर्धस्वराचे 100 सेंट असतात. 645 च्या स्केलवर सॅडल एक मिलिमीटरने पुढे आले, तर मोकळी तार नीट लावूनही बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे 2.7 सेंटने चढतो. साडेतीन मिलिमीटरचे जवळजवळ साडेनऊ सेंट होतात. मुळाकाठ यांच्या ट्यूनरवर नेमका हाच आकडा दिसत असल्यामुळे त्यांचे मोजमाप विश्वासार्ह आहे. पाच सेंटच्या आसपासचा फरकही सरावलेल्या कानाला कळतो, त्यामुळे दहा सेंट चालवून घेण्यासारखे नाहीत.

ही चूक गिटारच्या मानेवर सर्वत्र सारखी पसरलेली नसते. साडेतीन मिलिमीटरच्या चुकीमुळे पहिल्या फ्रेटवर स्वर जेमतेम अर्ध्या सेंटने चढतो. पाचव्यावर हाच फरक तीन सेंटच्या वर जातो, सातव्यावर पावणेपाच होतो आणि बाराव्यावर साडेनऊ. पहिल्या तीन फ्रेटांवरचे कॉर्ड गोड का वाजतात, याचे उत्तर यात आहे. नट पुढे सरकवल्याने मोकळ्या तारेचे दाबलेल्या स्वरांशी असलेले नाते बदलते, पण सर्व दाबलेले स्वर सारख्याच सेंटांनी खाली येतात. म्हणजे बारावा फ्रेट जुळवायला गेलात, तर पहिला फ्रेट नऊ सेंट उतरा होईल आणि आज गोड वाजणारे कॉर्डही हातचे जातील. नटावरच्या भरपाईला तिची स्वतःची कारणे आहेत, पण चुकीच्या जागी बसलेल्या ब्रिजवर ती उपाय ठरू शकत नाही.

सॅडलच्या माथ्याबद्दल सांगायचे तर तीन मिलिमीटर जाडीच्या सॅडलवर टेकण्याचा बिंदू मध्यापासून फार तर एक-सव्वा मिलिमीटर मागे नेता येतो. चूक एक मिलिमीटरची असती, तर मीही हाच उपाय सुचवला असता.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सहाही तारा सारख्याच प्रमाणात चढ्या आहेत, याचा अर्थ सॅडलच्या खाचेचा तिरकेपणा बरोबर आहे आणि ब्रिज वाकडा न होता सरळ पुढे सरकला आहे.

जुना_रंधा (डोंबिवली)

तारसप्तक यांनी रोगाचे निदान पक्के केले आहे. ब्रिज न काढता करण्याजोगा एक मार्ग मात्र अजून तपासायचा राहतो, तो म्हणजे सॅडलची खाच त्याच जातीच्या लाकडाने भरून साडेतीन मिलिमीटर मागे नवी खाच पाडणे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर ब्रिजला पिना (तारांची टोके भोकांत अडकवून ठेवणाऱ्या खुंट्या) नसतात, त्यामुळे तिथे हा मार्ग पुष्कळदा चालतो. तुमच्या गिटारवर तो चालेल की नाही, हे सॅडलच्या खाचेचा मध्य आणि पिनांच्या भोकांचा मध्य यांच्यातील अंतरावर अवलंबून आहे. सॅडल तिरके असल्यामुळे हे अंतर जाड ई तारेपाशी सर्वांत कमी असते, तेव्हा ते तिथेच मोजून कळवा. आतून आरसा धरून ब्रिज प्लेट (ब्रिजच्या खाली फळीला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) पिनांच्या मागे किती शिल्लक आहे, तेही पाहा.

मुळाकाठ (पुणे)

तारसप्तक, पहिला फ्रेट मुद्दाम तपासला. तिथे ट्यूनरचा काटा जवळजवळ मध्यावरच राहतो, म्हणजे तुमचे गणित तंतोतंत जुळते.

जुना_रंधा, जाड ई तारेपाशी खाचेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत साडेसात मिलिमीटर भरतात. पिनेचे भोक साडेपाच मिलिमीटर व्यासाचे आहे. ब्रिज प्लेट मेपलची असून ती पिनांच्या मध्यापासून मागे 12 मिलिमीटरपर्यंत जाते.

जुना_रंधा (डोंबिवली)

मग खाच मागे घेण्याचा मार्ग बंद झाला. साडेसातातून साडेतीन वजा केले की चार उरतात. त्यातून खाचेची अर्धी रुंदी दीड मिलिमीटर आणि भोकाची त्रिज्या पावणेतीन मिलिमीटर काढली, तर सॅडल आणि पिन यांच्यामध्ये लाकूडच उरत नाही. त्या ठिकाणी तारांचा ताण सॅडलला पुढे ढकलत असतो. 12 ते 53 (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) या लाइट संचातील सहा तारांचा मिळून ताण 73 किलोच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की तिथली भिंत का हवी ते वेगळे सांगावे लागत नाही.

ब्रिज काढावा लागेल. पण काढलेला ब्रिजच साडेतीन मिलिमीटर मागे नेऊन चिकटवावा, असे मी सुचवणार नाही. तसे केल्यास पुढच्या बाजूला पॉलिश नसलेल्या लाकडाची एक पट्टी उघडी पडेल, तिच्यावर जुन्या कडेची सुरीची रेघ असेल, आणि त्या जागी लाखेचा रंग कितीही जुळवला तरी तिरप्या उजेडात ती दिसत राहील. त्यापेक्षा नवा ब्रिज तयार करावा. त्याची पुढची कड आहे तिथेच राहील, मागची कड साडेतीन मिलिमीटर मागे वाढेल, आणि खाच व पिना दोन्ही तेवढ्याच मागे जातील. तुमचा ब्रिज 38 मिलिमीटर रुंद असेल तर नवा साडेएकेचाळीसचा होईल. जुन्याची संपूर्ण जागा नव्याखाली झाकली जाईल आणि दुरुस्ती बाहेरून दिसणार नाही.

रुंदी वाढली की वजन वाढते. शिसवी ब्रिज साधारण 25 ते 30 ग्रॅमांचा असावा, कारण तारांनी हलवायचे ते हेच लाकूड असते आणि ते जड झाले की आवाज दबतो. म्हणून दोन्ही टोकांचे पंख तीन मिलिमीटरपर्यंत पातळ करून वाढलेले वजन काढून टाकावे. ब्रिज घडवून झाला की स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर जुना आणि नवा दोन्ही तोलून पाहा.

मिरजेजवळ

शिसवीच्या तुकड्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. वखारीतून नवी शिसवी आणण्याऐवजी मोडलेल्या जुन्या फर्निचरमधले लाकूड मिळाले तर ते घ्यावे. जुन्या पलंगाचा पाय किंवा खुर्चीचा हात वर्षानुवर्षे घरातल्या हवेत वाळलेला असतो आणि त्यातून ब्रिजएवढा तुकडा सहज निघतो. तो असा कापावा की वर्तुळांच्या रेषा ब्रिजच्या तळाशी काटकोनात उभ्या राहतील, म्हणजे हवेतील ओलावा बदलला तरी तळाला बाक येणार नाही. शिसवी हे आपल्या सह्याद्रीतील झाड. ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर निर्बंध आल्यानंतर जगभरातील गिटारकार मोठ्या प्रमाणावर आपल्याकडच्या शिसवीकडे वळले. परदेशातील महागड्या गिटारींच्या पाठीवर हे लाकूड दिसते, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटतो.

लाखेच्या पॉलिशबद्दलही सांगतो. मिरजेत सतार आणि तानपुऱ्यावर काम करणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या भागात फार आनंद झाला होता. लाखेच्या पॉलिशचा सर्वांत मोठा गुण असा की नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. ब्रिजच्या कडेला सुरी लागून कुठे ओरखडा पडलाच, तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवली की तो मिटवता येतो. पण उष्णता लाखेला सोसत नाही. ब्रिज काढताना याची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागेल.

ओहायोकर

मी इथे अमेरिकेत दुरुस्तीसाठी येणाऱ्या गिटारींवर काम करतो आणि ब्रिज काढणे हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. मिरजेजवळ यांनी उष्णतेबद्दल जे लिहिले आहे तिथूनच सुरुवात करतो. टायटबाँड ओरिजिनल साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि लाखही जवळपास त्याच तापमानाला मऊ होते. गोंद सोडवायचा आणि त्याला लागून असलेले पॉलिश वाचवायचे, अशी ही कसरत आहे.

तारा, पिना आणि सॅडल काढून घ्या. जाड पुठ्ठ्यातून ब्रिजच्या आकाराचे भोक नेमके कापा, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमची फॉइल लावा आणि तो ब्रिजभोवती फळीवर ठेवा. माझ्याकडे उष्णता देणारी सिलिकॉनची गादी आहे, पण घरी कपड्यांची इस्त्री चालते. ब्रिजच्या माथ्यावर बसेल असा अॅल्युमिनियमचा ठोकळा घ्या, त्यावर इस्त्री टेकवा आणि उष्णता ब्रिजमधून हळूहळू खाली झिरपू द्या. घाई करून इस्त्री पूर्ण तापवली, तर ब्रिजचा माथा करपेल आणि तळचा गोंद तसाच घट्ट राहील. या कामाला पाच-दहा मिनिटे लागतात. मधूनमधून पुठ्ठ्याखाली बोट घालून फळी चटका बसण्याइतकी तापलेली नाही ना, हे पाहत राहा. ब्रिज प्लेट आणि एक्स ब्रेसही गोंदानेच चिकटलेले आहेत, त्यामुळे साउंडहोलमधून हात घालून तेही चाचपावेत. उष्णता देत असताना प्लेटखाली लाकडी टेकू दिला, तर ती जागा सोडत नाही.

आता सुरीबद्दल, कारण नुकसान होते ते इथेच. चित्रकार रंग मिसळायला वापरतात तशी पातळ, बोथट कडेची पॅलेट नाइफ घ्या आणि तीही कोमट करा. ती घालण्यापूर्वी वरची फळी खिडकीसमोर धरून तिरप्या उजेडात पाहा. फळी एकाच लाकडाचे दोन काप पुस्तकासारखे उघडून जोडलेली असते. बहुतेक वेळा एक अर्ध उजळ आणि दुसरे गडद दिसते, आणि गिटार उलट दिशेने फिरवली की उजळ अर्ध गडद होते. याचा अर्थ लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर नसून तिरपे वर येत आहेत, आणि दोन्ही अर्धांत ते परस्परविरुद्ध दिशांनी येत आहेत. सुरी तंतूंच्या चढाच्या विरुद्ध गेली, तर ती गोंद सोडून लाकडात शिरते आणि स्प्रूसचा लांबच लांब पापुद्रा ब्रिजसोबत निघून येतो. म्हणून एका अर्धात सुरी मागून पुढे आणि दुसऱ्या अर्धात पुढून मागे चालवावी लागते. कोणत्या अर्धात कोणती दिशा, हे आधीच सांगता आले नाही तर कोपऱ्यातून चार-पाच मिलिमीटर आत जाऊन थांबा आणि पाहा. सुरीवर फक्त गोंदाचा तवंग दिसला तर दिशा योग्य आहे. पांढरे तंतू दिसले तर ताबडतोब सुरी काढून विरुद्ध कडेने सुरुवात करा.

जोर लावावा लागत असेल तर उष्णता कमी पडते आहे, असे समजावे. सुरी मागे घ्या, पुन्हा तापवा. ब्रिज सुटण्याच्या क्षणी तो खेचून काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरलाच पाहिजे, कारण शेवटच्या एका कोपऱ्यात धरून राहिलेला गोंदच फळीचा तुकडा सोबत नेतो.

मुळाकाठ (पुणे)

ओहायोकर, एवढ्या बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. खिडकीपाशी पाहिले तेव्हा जाड तारांकडचे अर्ध स्पष्टपणे गडद दिसले. फळी मी स्वतः जोडलेली असूनही तंतूंची ही तिरपी चाल इतके दिवस नजरेस पडली नव्हती.

रविवारी सकाळी ब्रिज काढला. जाड तारांकडच्या अर्धात सुरी मागून पुढे सहज गेली. बारीक तारांकडे तीच दिशा धरल्याबरोबर सुरीच्या टोकाशी पांढरे तंतू आले, म्हणून तिथे पुढच्या कडेने आत गेलो. नखाएवढा एक पापुद्रा मात्र उचकटला आणि तो ब्रिजच्या तळाला चिकटून आला. बाकीची फळी स्वच्छ आहे. पुढच्या कडेला लाख किंचित सुरकुतली आहे.

आता पिनांची सहा भोके कशी बुजवावीत? नवी भोके साडेतीन मिलिमीटर मागे येणार, म्हणजे ती जुन्या भोकांवर अर्धी-अर्धी चढणार आहेत.

जुना_रंधा (डोंबिवली)

नखाएवढ्या पापुद्र्याने निघून आलात, हे उत्तम झाले. तो पापुद्रा ब्रिजच्या तळावरून पातळ सुरीने अलगद सोडवा आणि त्याच जागी, तंतूंची दिशा जुळवून, पुन्हा चिकटवा. जुना गोंद कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ करून स्क्रेपरने खरवडा. सँडपेपरने घासत बसू नका, कारण 2.8 मिलिमीटरच्या फळीत घासण्यासाठी जादा लाकूड नाही. शिवाय ताज्या खरवडलेल्या लाकडावर गोंद अधिक चांगला धरतो.

भोकांसाठी बाजारात मिळणाऱ्या गोल डॉवेलच्या खुंट्या वापरू नका. त्यांच्या टोकाला लाकडाचे उभे तंतू असतात. उभ्या तंतूंवर गोंद नीट धरत नाही, आणि प्लेटच्या बाजूने तारेच्या टोकाचा धातूचा गोळा त्या तंतूंना कुरतडत राहतो. प्लग कटरने फळीच्या सपाट पृष्ठभागातून गोल बुचे काढा, वरच्या फळीसाठी स्प्रूसची आणि प्लेटसाठी मेपलची, आणि प्रत्येक बुचाची रेघ सभोवतालच्या लाकडाच्या रेघेला समांतर ठेवून ती बसवा.

तुमच्या बाबतीत नवे भोक अर्धे बुचात आणि अर्धे मूळ लाकडात पडणार असल्यामुळे बुच सुटण्याचा धोका राहतो. म्हणून बुचे बसवून सपाट केल्यावर ब्रिज प्लेटवर आतून दीड मिलिमीटर जाडीचा मेपलचा पातळ काप चिकटवावा आणि त्याची रेघ प्लेटच्या रेघेशी थोडा कोन करून ठेवावी. मग तारेचा गोळा अखंड लाकडावर टेकतो. तुमची प्लेट पिनांच्या मागे 12 मिलिमीटर आहे, त्यामुळे जागा सरकूनही साडेआठ मिलिमीटर शिल्लक राहतात. तेवढे पुरेसे आहे.

ओहायोकर

पुढच्या गोंदाबद्दल माझे मत वेगळे असू शकते, पण ते मांडतो. ब्रिज चिकटवायला मी सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा गोंद) वापरतो. वाळलेला सरस काचेसारखा कडक होतो, ताणाखाली हळूहळू सरकत नाही, आणि पुढे कधी ब्रिज काढायची वेळ आली तर उष्णता व ओलावा मिळताच सुटतो. ज्या वाद्याची पन्नास वर्षांनी कोणीतरी दुरुस्ती करणार आहे, त्याच्यावर गोंद लावताना त्या माणसाचाही विचार करावा असे मला वाटते.

जुना_रंधा (डोंबिवली)

सरसाच्या गुणांबद्दल दुमत नाही. पण तो 60 अंशांच्या आसपास गरम ठेवावा लागतो, आणि लाकडावर लावल्यानंतर क्लॅम्प आवळायला हाताशी मिनिटभराचाही वेळ नसतो. ज्याने सरस कधी शिजवला नाही, त्याने तो पहिल्यांदा ब्रिजवर वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. टायटबाँड ओरिजिनल सुटतो, हे मुळाकाठ यांनी नुकतेच अनुभवले आहे. तारांच्या सततच्या ताणाखाली सुतारकामाचा साधा पांढरा पीव्हीए गोंद मात्र या जागी वापरू नये, कारण तो हळूहळू सरकतो आणि ब्रिज महिन्यागणिक पुढे कलत जातो.

ओहायोकर

पुण्याची हवा उबदार असल्यामुळे सरसाला इथल्यापेक्षा जास्त वेळ मिळेल, आणि ब्रिज व फळी आधी थोडी गरम करून घेतली तर आणखी. तरी पहिल्या वेळेचा मुद्दा मला मान्य आहे. टायटबाँड वापरायचा असेल तर निदान बाटली ताजी घ्यावी.

नाशिककर

पुन्हा क्लॅम्प आवळताना ब्रिज सरकू नये यासाठी काय करावे? गोंदात मिठाचे दोन-चार कण टाकतात, असे एका सुताराकडून ऐकले आहे.

जुना_रंधा (डोंबिवली)

मिठाचे कण दोन सपाट फळ्यांच्या जोडाला उपयोगी पडतात. ब्रिजसाठी त्याहून नेमका उपाय आहे, आणि या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची पायरी माझ्या मते हीच आहे.

आधी तळ जुळवून घ्या. वरची फळी सपाट दिसली तरी तिला अगदी सौम्य फुगवटा असतो. ब्रिजच्या जागी फळीवर सँडपेपर कागदाची बाजू खाली ठेवून चिकटपट्टीने लावा आणि ब्रिज त्यावर पुढेमागे घासा. तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारून ठेवा. सर्व रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या की तळ बसला असे समजा. क्लॅम्पच्या जोरावर न बसणारा ब्रिज बसवला, तर तो जोर कायम लाकडात राहतो आणि ब्रिजची मागची कड उचलू पाहतो.

त्यानंतर ब्रिज कोरडाच जागेवर ठेवा. नटापासून सॅडलच्या खाचेच्या मध्यापर्यंतची अंतरे दोन्ही टोकांना मोजा, 647 आणि 650. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांवरून लांब पोलादी पट्टी ब्रिजपर्यंत नेऊन दोन्ही बाजूंना समान जागा सुटते का ते पाहा. समाधान झाले की ब्रिज दोन हलक्या क्लॅम्पनी धरा, आणि सॅडलच्या खाचेच्या दोन्ही टोकांना, खाचेच्या आतच, दीड मिलिमीटरचे एकेक भोक ब्रिजमधून आरपार फळीत पाडा. त्याच मापाच्या ड्रिल बिटांच्या दांड्यांना मेण लावा आणि गोंद लावताना त्या या भोकांत घाला. मग क्लॅम्प कितीही आवळला तरी ब्रिज केसभरही हलत नाही. काम झाल्यावर दांड्या काढून घ्यायच्या. भोके सॅडलखाली झाकली जातात.

ब्रिजचा बाह्याकार सुरीने पॉलिशवर आखा आणि मागच्या बाजूला वाढलेल्या साडेतीन मिलिमीटरच्या पट्टीवरची लाख खरवडून लाकूड उघडे करा. सुरी फक्त लाखेपुरती चालवा. स्प्रूसमध्ये गेलेली रेघ नेमकी ताणाच्या जागी असते आणि तिथूनच पुढे फळी चिरते. गोंद लावण्यापूर्वी तीनही क्लॅम्प आणि आतला ठोकळा लावून संपूर्ण काम एकदा कोरडे करून पाहा.

पिनांची नवी भोके ब्रिज चिकटल्यानंतर पाडा, आतून कठीण लाकडाचा ठोकळा प्लेटला दाबून धरा, आणि तीन अंश निमुळत्या रीमरने (भोक घासून निमुळते करणारे हत्यार) ती पिनेच्या मापाची करा.

मिरजेजवळ

पावसाळा चालू आहे, याचा विचार झाला आहे का? ओलसर हवेत फुगलेल्या फळीवर चिकटवलेला ब्रिज उन्हाळ्यात फळी आखडली की तिला ओढू लागतो.

मुळाकाठ (पुणे)

होय. घरात लहान खोलीत एसी लावून आणि आर्द्रतामापक ठेवून काम करतो आहे. मापक तपासण्यासाठी बंद डब्यात ओल्या मिठाची वाटी ठेवून पाहिली. तिथे तो 75 टक्के दाखवायला हवा, तर 78 दाखवत होता. ते तीन टक्के वजा करून खोली 48 ते 50 टक्क्यांवर ठेवली आहे, आणि गिटार व नवा ब्रिज दोन्ही तिथेच मुरत ठेवले आहेत.

ब्रिज पलंगाच्या जुन्या पायातून निघाला. पंख पातळ केल्यावर त्याचे वजन 28 ग्रॅम भरले. जुना 29 ग्रॅमांचा होता.

मुळाकाठ (पुणे)

काम पूर्ण झाले आहे, म्हणून मापांसह कळवतो. ब्रिज टायटबाँडनेच चिकटवला, मेण लावलेल्या दोन दांड्या घालून. क्लॅम्प आवळताना मुद्दाम पट्टीने तपासत होतो आणि माप जरासुद्धा हलले नाही. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले, भोके पाडली आणि त्यानंतर आणखी एक पूर्ण दिवस जाऊ देऊन तारा चढवल्या.

बारीक ई आणि जाड ई आता बाराव्या फ्रेटवर एका सेंटच्या आत आहेत. बी तार तीन सेंट चढी होती, तिथे सॅडलचा माथा मागच्या बाजूने उतरवल्यावर ती एका सेंटवर आली. इतर तीन तारा दोन सेंटच्या आत आहेत. पुढच्या कडेला सुरकुतलेली लाख मिरजेजवळ यांनी सांगितल्याप्रमाणे बोळ्याने फिरवून सारखी झाली. सातव्या फ्रेटवरचा बार कॉर्ड मोकळ्या तारांबरोबर वाजवला की आता दोन्ही एकमेकांत मिसळतात. आधी त्यात सतत एक थरथर ऐकू येत असे.

आपणा सर्वांचे आभार मानतो. शेवटचा एक प्रश्न आहे. पुढे 11 ते 52 चा संच लावावासा वाटला, तर भरपाई पुन्हा करावी लागेल का?

तारसप्तक

फरक पडेल, पण थोडा, आणि तो सॅडलच्या माथ्यावर सामावेल एवढाच असेल. तार जितकी जाड आणि ताठ, तितकी भरपाई जास्त लागते, त्यामुळे हलक्या संचावर तारा किंचित उतऱ्या लागू शकतात. नव्या संचासाठी हाडाचे वेगळे सॅडल घडवून ठेवा, म्हणजे आत्ता जुळवलेला माथा बिघडवावा लागणार नाही.

जुना_रंधा (डोंबिवली)

बी तारेच्या बाबतीत योग्य तेच केलेत. साधी, गुंडाळी नसलेली बी तार बारीक ईपेक्षा जाड असते आणि तिला जास्त भरपाई लागते.

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की वहीच्या कागदाची एक पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेला सर्व लांबीभर लावून पाहा. ती कुठेही खाली सरकता कामा नये. सरकलीच, तर तारा लगेच सैल करा आणि किती आत गेली ते मोजून इथे लिहा.